पाचशे चार ओळी

“मग मधल्या पाचशे चार ओळी कुणी भरल्या?” गफूर मास्तरांनी विचारलं.

वैजनाथ खूश झाला. नेमकं हेच कुणीतरी विचारावं म्हणून तो सकाळपासून ताटकळत होता. लग्नाच्या जुन्या कॅसेटमधलं चित्र पाचशे शहात्तर ओळींचं, नव्या एचडी टीव्हीचा पडदा एक हजार ऐंशी ओळींचा. फरक त्यानं भरून काढला होता.

“मशीन भरतं, मास्तर. वरची ओळ बघतं, खालची बघतं, मधली अंदाजानं रचतं.”

“अंदाजानं...” म्हणत मास्तरांनी चष्मा पुसला. शाब्बास म्हणाले नाहीत. त्यांच्या व्हिडिओच्या दुकानात हाताखाली काढलेल्या तीन वर्षांत कधी म्हणाले होते म्हणा!

कॅसेट अंबूताईंची होती. त्यांचा दिगू सतराव्या वर्षी तापानं गेला. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही. भाचीच्या लग्नात पंगतीला जिलबी वाढताना तो तेवढा बारा सेकंद दिसतो, बस्स. फीत इतकी जीर्ण झालेली, की आणखी एखाद्या वेळेला चालली तर नशीब.

अंबूताई आल्या. वैजनाथनं त्यांना मोठ्या टीव्हीपुढं बसवलं आणि ऐटीत बटण दाबलं. पोराचा चेहरा लख्ख. डोळे, ओठ, भुवया कशा कोरून काढल्यासारख्या.

अंबूताई बघत राहिल्या. मग त्यांनी पदर सावरला.

“लई ग्वाड दिसतोय. पर ह्यो कुणाचा?”

 वैजनाथ ओळी, मशीन, काय काय समजावू लागला. बाई नुसत्या मान हलवत होत्या. दिगू तेवढा त्यांना कुठं सापडत नव्हता.

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या जुन्या डबा टीव्हीवरचं फडकं काढून त्यांनी कॅसेटच्या मशीनची वायर त्याला जोडली. फीत तुटेल, असं वैजनाथ कळवळून म्हणाला. मास्तरांनी कॅसेट आत सरकवली.

खरखर झाली. चित्र हललं, मग स्थिरावलं. धूसर, फिकट. जिलबीचं ताट, त्यामागं एक पुसटसा चेहरा.

“ह्योच... ह्योच माझा दिगू.” अंबूताईंनी काचेवर बोट टेकवलं. “ही भुवई बघा की. हापशावर पडला हुता, तवा मधोमध फुटली. परत केस आलंच न्हाईत तिथं.”

त्या रडल्या, हसल्या. फीत शेवटपर्यंत चालली. आहे तश्शीच उतरवून द्या म्हणाल्या आणि डोळे पुसत घरी गेल्या.

वैजनाथनं फीत अलगद मागं घेऊन डबा टीव्हीवर ते दृश्य थांबवलं. नाक काचेला टेकेपर्यंत वाकून बघितलं. भुवईच्या जागी नुसता करडा डाग होता.

 मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “मास्तर, फुटलेली भुवई या चित्रात नाहीच. त्यांना कुठं दिसली?”

मास्तर टीव्हीवर फडकं घालत होते.

“त्या पाचशे चार ओळी अंबूताईंकडं आहेत.”