वाघाभोवतीचं गवत

एकदा एका संस्थानात मेलेल्या जनावरांना पुन्हा उभं करणारा एक वृद्ध कारागीर राहत असे. त्याच्या हातची कीर्ती अशी, की त्याने पेंढा भरलेलं एक मुंगूस राजवाड्यात मांडल्यावर बागेतल्या सापांनी बिऱ्हाडं हलवली. सापांना विचारायला कुणी गेलं नाही, तेव्हा ही गोष्ट खरीच धरायची.

त्याच्याकडे एक शिष्य होता. नऊ वर्षं ससे, भेकरं आणि मोर केल्यानंतर आता प्रथमच एक अख्खा वाघ गुरूंनी त्याच्यावर सोपवला होता. वाघ नीट उभा राहिला, तर शिष्य स्वतःचं दुकान थाटायला मोकळा. बिघडला, तर दुसरं कातडं आणणार कुठून? वाघ काही दोनदा मरत नाही.

वाघ होता जहागीरदारांनी मारलेला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेआठ फूट. शिष्याने हाडं मोजून नेमक्या त्याच मापाचं लाकडी धड बांधलं. पण कातडं इकडे मिठात निजलेलं असताना वाघ मात्र गावोगाव वाढत होता. शिकारीच्या दिवशी साडेआठ फूट, दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत नऊ, आणि दरबारात पोचेपर्यंत दहा.

एके सकाळी जहागीरदार स्वतःच आले.

"वाघ दहा फूट झाला पाहिजे. कातडं ओलं आहे तोवर ताणून घ्या."

"सरकार, ताणलेलं कातडं वाळताना आकसतं," शिष्य म्हणाला. "टाके उसवतात, पोटाखाली फाटतं."

"मग टाके पक्के घाला! पौर्णिमेला पाहुणे यायचेत. त्यांच्यासमोर वाघाशेजारी उभं राहून आमचा फोटो निघणार आहे."

शिष्याने मोठ्या आशेने गुरूंकडे पाहिलं. सशाचा कान सूतभर कलला म्हणून ज्यांनी त्याला तीनदा टाके उसवायला लावले होते, ते आता चांगलं सुनावतील!

गुरू म्हणाले, "दिसेल, सरकार. दहा फूट दिसेल."

जहागीरदारांची पाठ वळते न वळते तोच शिष्य उसळला. "गुरुजी, हे काय कबूल करून बसलात?"

"तू वाघाला हात लावू नकोस. जसा आहे तसाच कर. काचेच्या दालनात त्याच्याभोवती रानाचा देखावा उभा करायचाय. गवत आण."

"आणलंय की! त्याच रानातलं, पुरुषभर उंच."

"वीतभर काप."

"रानात एवढंसं गवत शेळ्या चरून गेल्यावरच असतं, गुरुजी."

"मग समज, शेळ्या चरून गेल्यात."

"आणि वाघाने त्या सोडल्या?"

"उपास असेल त्याचा."

शिष्याने कपाळावर हात मारला. पुढचे पंधरा दिवस त्याचे असेच गेले. सुपाएवढी सागाची पानं मेणात विड्याच्या पानाएवढी झाली, बांबू काडीएवढे झाले, माणसाच्या छातीला लागणारं वारूळ लोट्याएवढं झालं. प्रत्येक वस्तू खोटी करताना शिष्य दातओठ खाई आणि गुरू शांतपणे म्हणत, "अजून थोडं लहान."

शेवटी काचेसमोर उभं राहून पाहिलं, तर वाघ आक्राळविक्राळ दिसत होता. फितीवर साडेआठ, डोळ्यांना दहा, कदाचित अकरासुद्धा. आपला इतका खरा वाघ भोवतालामुळे खोटं बोलतो आहे, हे पाहून शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पौर्णिमेला पाहुणे आले. वाघ पाहून "वा! वा!" झालं. जहागीरदार छाती फुगवून, बंदूक घेऊन काचेच्या आत शिरले. फोटोग्राफर काळ्या कापडाखाली गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला.

"सरकार, जरा बाहेर येता का?"

"का?"

"तुम्ही आत गेलात की वाघ बारीक होतो."

पाहुण्यांपैकी कुणाला तरी एकदम खोकला आला. जहागीरदार बाहेर आले, वाघ वाढला. आत गेले, गवत त्यांच्या घोट्याशी आलं आणि वाघ आक्रसला. त्यांनी गुडघ्यांवर बसून पाहिलं, तर सागाचा शेंडा त्यांच्या कानात जाऊ लागला.

"म्हाताऱ्या! हा काय चावटपणा?"

"सरकार," गुरू हात जोडून म्हणाले, "वाघ मोठा दिसावा म्हणून जे जे लहान करता आलं ते ते केलं. एक आपणच राहिलात. माणसाला लहान करायची विद्या मला येत नाही. तेव्हा आपणच ठरवा, दहा फुटी वाघ ठेवायचा, की आपण त्याच्याशेजारी उभं राहायचं?"

जहागीरदार त्या वाघाकडे वळले. मग कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, "समोर आला होता तेव्हा साडेआठ फूटसुद्धा पुष्कळ वाटला होता." आणि जाता जाता म्हणाले, "खरं गवत लावा. फोटो मग काढू."

पाहुणे पांगल्यावर शिष्य कोयता घेऊन खोटं रान काढायला बसला. "हे त्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतंत, तर माझे पंधरा दिवस वाचले असते!"

गुरू म्हणाले, "तोंडावर मी आयुष्यात पाच जणांना सांगितलं. पाचही जण रागावून दुसऱ्या कारागिराकडे गेले आणि पाचही कातडी फाटली. दुसऱ्याने 'नाही' म्हटलं की माणसाला त्यात फक्त अपमान ऐकू येतो. त्याला स्वतःच्या पायांनी देखाव्यात शिरू द्यावं लागतं. तुझे पंधरा दिवस गेले, ते गवताचे गेले. वाघाला ओरखडा तरी आला का?"

शिष्याने रानातून पुन्हा पुरुषभर गवत आणून एकेक काडी करून रोवलं. वाघ त्यात अर्धाअधिक झाकला गेला. काम आटोपून काचेसमोरून जाताना शिष्याची नजर त्या पात्यांमधल्या डोळ्यांवर पडली आणि तो नकळत एक पाऊल मागे सरला.

आपणही आपला मोठेपणा सजवताना एवढं जरूर पाहावं, की त्या देखाव्यात आपल्यालाच उभं राहायला जागा उरली आहे ना.