रुजायबायची कवडी आणि खारवलीची कमान

माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा मी सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, नवस बोलले होते. मायलेकरं सुखरूप सुटली तर किनाऱ्यावरची सात जुनी देवळं पायी फिरून बघीन, आणि घाईनं नाही, नीट बघीन. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. नात झाली आणि मी चालू लागले. पाचवं देऊळ खारवलीचं. तिथल्या कमानीची ही गोष्ट.

फार फार वर्षांपूर्वी, खारवलीत माड जास्त आणि माणसं कमी होती, तेव्हा मोतेस गवंडी हे देऊळ बांधत होता. भिंती उभ्या राहिल्या, पण वेदीपुढची मोठी कमान काही उभी राहीना. दोनदा रचली, दोनदा कोसळली. देवाची कृपा की दोन्ही वेळा माणसं जेवायला गेली होती. मोतेस म्हणाला, नुसत्या चुन्याला पकड नाही, त्यात गूळ आणि अंडी घालायला हवीत. गूळ घराघरातून आला. अंडी मागितली, तर गावातल्या सगळ्या कोंबड्या एका दिवसात आटल्या.

रुजायबाय नावाची एक विधवा होती. तिची कवडी नावाची ठिपक्यांची कोंबडी. रुजायबायनं नवस केला, की कमान उभी राहीपर्यंत अंडं तोंडात घालायचं नाही. मग कवडी दिवसाला दोन-दोन अंडी द्यायला लागली, असं म्हणतात. कुणी तीनही सांगतात.

कमान झाली. खालचे लाकडी टेकू काढले, तरी ती जागची हलली नाही. पण आत जाणार कोण? पाद्रीबाबा वेदीवर मिस्सा करायचे आणि गाव बाहेर माडाखाली गुडघे टेकायचं. मोतेसची बायकोसुद्धा उंबऱ्याबाहेर. मोतेस रोज कमानीखाली बसून भाकरी खायचा. लोक म्हणायचे, तो बसणारच, त्याला नाक राखायचंय. शेवटी बिशपांचा निरोप आला. देवळाच्या सणापर्यंत गाव आत आलं नाही, तर देऊळ उतरवून दगड शेजारच्या वडशेतला द्यायचे. सणाला बावीस दिवस होते. मोतेस जेवेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी रुजायबाय टोपलीत पेंढा, अकरा अंडी आणि खुडूक झालेली कवडी घेऊन आली, आणि टोपली बरोबर कमानीखाली ठेवली.

"रुजाय, देवाच्या घरात कोंबडी?" पाद्रीबाबा म्हणाले.

"बाबा, तिची दोनशे अंडी वर त्या चुन्यात आहेत. तिचा हक्क तुमच्याआधीचा." मग ती दाराकडे वळून गावाला म्हणाली, "कोंबडीला नाक राखायचं नसतं. वर काही हाललं तर ती उठून पळेल. बसली तर समजा."

कवडी बसली. पाद्रीबाबा वेदीकडे जाताना त्यांच्या झग्याला चोच मारायची, म्हणून ते भिंतीला चिकटून जायचे. एकोणिसाव्या दिवशी वादळ झालं. माड आडवे झाले, निम्मी कौलं उडाली. कवडीनं फक्त कूस बदलली. वरून कमानही हळूच कुकुकू करत होती, असं म्हणतात.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. रुजायबायनं मोजली, ती बारा भरली. पुन्हा मोजली, तरी बाराच. अंडी अकरा, पिल्लं बारा. दारातून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला मोजता येत नाही. दुसरा म्हणाला, थांबा, मी मोजतो. त्याच्यामागे तिसरा आला, मग बायका, मग मोतेसची बायको. सगळं गाव टोपलीवर वाकून भांडत होतं. मोतेसनं वर बोट दाखवलं. कमानीच्या मधल्या दगडाशेजारी, चुन्यात, अंड्याएवढी खळी पडली होती.

तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं, की आपण कमानीखाली उभे आहोत. कुणी काही बोलायच्या आत पाद्रीबाबांनी मिस्सा सुरू केली.

आजही सणाच्या दिवशी खारवलीत देवळात पहिली कोंबडी सोडतात, मग माणसं जातात. बायका कमानीखाली अंडी ठेवतात, आणि ती गावातल्या बाळंतिणींना पोचवतात. त्यांना 'रुजायची अंडी' म्हणतात. माझ्या सुनेसाठी मला दोन मिळाली.

तुम्हीही एखादा नवस बोला आणि जुनी देवळं बघायला निघा. खारवलीला गेलात तर ती खळी बघा. पण माझं एवढं ऐका, उभ्यानं बघू नका. कमानीखाली जरा बसा.