उतरवायला एक माणूस

“...म्हंजे आपण पायडल मारायचं थांबवलं, तरी पायडल फिरतच राहायला पायजे?”

“हो.”

“आन् ब्रेक?”

“नको.”

इलाही मास्तरनं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं नाही.

तासगावच्या जुन्या बाजारामागं त्याचं पत्र्याचं दुकान. दुकान म्हणजे एक हवेचा पंप, पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि एक म्हातारा. मला इथं पाठवणारा सायकलवालाही म्हाताराच होता. या वयाच्या माणसांवर माझा विश्वास नाही. त्यांच्याकडं द्यायला सल्ल्याशिवाय काही नसतं, आणि तोही त्यांनी स्वतः कधी वापरलेला नसतो.

पण मला फिक्स सायकल हवी होती. मागच्या चाकाला फ्री नसलेली. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पाय थांबले की चाक थांबणार. मोठ्या शहरात ती मिळते. किंमत ऐकली की फोन ठेवावा लागतो. माझ्या पैशात जुनी साधी सायकल आली असती, तीही घासाघीस करून.

दोन महिने शोधत होतो. त्या दोन महिन्यांत मी ज्यांच्याशी बोललो, ती सगळी सायकल विकणारी माणसं होती. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी आईच्या तोंडून बोलतात. मित्रांचे फोन आधी कमी झाले, मग आलेच नाहीत.

“नाव काय?”

“अभिनंदन.”

“कशाबद्दल?”

मी हसलो नाही.

“शिकतोस?”

“सोडलं. इंजिनिअरिंग.”

“मग इंजिनेर, असली सायकल कशाला रं?”

“मधे कुणी नको म्हणून. गिअर नको, ब्रेक नको, फ्री नको. मी आणि चाक. कुणाच्या जिवावर राहायचं नाही मला.”

त्यानं मान वर केली आणि आढ्याकडं बोट दाखवलं.

“ती काढ.”

काळी सायकल. वर धुळीचा थर. मी ती खाली घेतली, मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. पायडल फिरलं. चाक उलटं फिरवलं. पायडल उलटं फिरलं.

“कुणाची?”

“माझीच. गावोगाव खेळ करायचो. मैदानात मधी बांबू, आन् त्याच्या भोवती सायकल. सात दिवस, सात रात्री. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर. डोळा लागला तर निसटू नये म्हणून पाय पायडलला बांधलेलं.”

“मग उतरायचं कसं?”

“आपण न्हाई उतरायचं. उतरवणारा असतो. माझा गणपा होता. सात दिवस डफ वाजवायचा, आन् शेवटी सीट धरायचा.”

“आता कुठाय तो?”

“गेला. अकरा वर्षं झाली.”

“आणि सायकल टांगून किती वर्षं झाली?”

त्यानं घमेलं उचललं, पाणी बाहेर ओतलं, नवं भरलं. नको असलेला प्रश्न या लोकांना ऐकू येत नाही.

“काय घेणार हिचं?” मी विचारलं.

“तुला झेपंल ते. पण एक माणूस घिऊन ये. सीट धरायला.”

“माणूस कशाला? शिकेन मी. व्हिडिओ बघितलेत.”

“धरायला एक बी माणूस न्हाई?”

मला ‘गरज नाही’ म्हणायचं होतं.

“नाही,” म्हणालो.

“चल मग,” मास्तर म्हणाला.

बाजाराचा दिवस नव्हता. पटांगण रिकामं होतं. त्यानं मला खांबाला टेकवून सायकलवर बसवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी माझे पाय पायडलला बांधले. मग पाठीत एक धक्का.

दहा हात गेलो. सवयीनं पाय थांबवले. पायडलनं ते उचलून फेकले आणि मी सायकलसकट मातीत.

तो आला, मला उभं केलं, खांबाला टेकवलं, पुन्हा धक्का.

पुन्हा पडलो. कोपर सोललं.

तिसऱ्यांदा मी पाय थांबवले नाहीत.

सायकल चालली. पटांगणाला एक फेरी. दुसरी. कुणी शिकवायला नाही, कुणी नावं ठेवायला नाही. मी आणि चाक. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाला शिव्या द्याव्याशा वाटल्या नाहीत.

मग मांड्या भरून आल्या.

मास्तर कट्ट्यावर बसून पानाला चुना लावत होता.

“मास्तर, उतरायचं कसं?”

चुना लावणं चालूच. एक फेरी झाली.

“मास्तर.”

“ऐकतोय की.”

“पाय सुटत नाहीत.”

“बांधल्यात.”

आणखी एक फेरी. पलीकडून दोघं जाताना थांबले, हसले, निघून गेले. सायकल हळू केली की ती डुगडुगायची. वेग वाढवायला पायांत जोर नव्हता. आणखी कुणाला हाक मारता येईल, म्हणून मी ओळखीची नावं आठवत निघालो. अर्ध्या फेरीत नावं संपली.

“धरा,” मी म्हणालो.

“काय म्हणलास?”

मी आणखी एक पूर्ण फेरी मारली. मातीत पडायचं की बोलायचं, एवढंच उरलं होतं.

“धरा ना मला.”

म्हातारा उठला. गुडघ्यावर हात ठेवून उठला. माझ्याबरोबर चार पावलं पळाला आणि मागून सीट धरली.

सायकल उभी राहिली.

एका हातानं सीट धरून, वाकून, त्यानं दुसऱ्या हातानं पट्ट्या सोडल्या. मी जमिनीवर उभा राहिलो. जमीन थांबलेली होती, पाय अजून फिरत होते. त्याला धाप लागली होती. मलाही.

त्याचा हात सीटवरच होता.

“बोला, किती द्यायचे?” मी विचारलं.

त्यानं सीटवरची धूळ तळहातानं पुसली. ट्यूबच्या दोन्ही पट्ट्या गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या.

“सकाळी सातला ये. मला बसायचंय.”