शेवटच्या तुकड्यातले ससे

एका माळाच्या कडेला एक गाव होतं, आणि त्या गावात एका तरुण आईची झोप उडाली होती. कारण ऐकून कुणीही हसलं असतं. तिच्या चार वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, "आई, हल्ली तितर का ओरडत नाहीत?" आणि ती म्हणाली होती, "झोपलेत, बाळा."

तितर काही झोपले नव्हते. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा पहाटे कुरणाच्या चारी बाजूंनी तितर एकमेकांना साद घालायचे. आता एखादाच ओरडायचा, आणि उत्तर आलं नाही की गप्प व्हायचा.

तिने गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांना विचारलं. ते हसले. "पोरी, कुरणाच्या कापणीला तू बघतेस ना? आमच्या लहानपणी शेवटच्या तुकड्यात पाच ससे निघायचे. आता वीस निघतात. तितर, लावे ते वेगळेच. वाढलेत सगळे, कमी कुठले होतात."

वीस ससे तिनेही पाहिले होते. तेव्हा चुकत असेल ते आपलंच, असं तिने ठरवलं. असं ठरवायची तिला सवयच होती. तरी झोप येईना.

त्या गावात पूर्वी गवत महिनाभर, जो तो सवडीने कापायचा. पुढे गावाने एकी केली. आता सगळी घरं एकाच दिवशी चारी कडांनी विळे लावत आणि आत आत सरकत. दुपारी मधोमध अंगणाएवढा तुकडा उरे. मग बाया बाजूला होत, बाप्ये काठ्या घेऊन भोवती उभे राहत, बाहेर पळणारं जनावर टिपत, आणि संध्याकाळी घरोघरी त्याचा रस्सा शिजे.

कापणीच्या आदल्या सकाळी ती अंगण झाडत होती. चारी बाजूंनी झाडून तिने पाला मध्ये आणला. मुलगी पायरीवर बसून बघत होती.

"आई, कचरा खूप वाढला."

"वाढला नाही गं. सगळीकडचा एका जागी आला."

बोलून ती थांबली. केरसुणी हातातच राहिली.

यंदा पहिला विळा लावायचा मान तिच्या घरचा होता. पहिला विळा पडेल तिथून कापणी सुरू व्हायची, आणि त्या घराचा शब्द त्या दिवसापुरता कुणी मोडायचा नाही, अशी तिथली रीत. दुसऱ्या दिवशी सगळे कडेला उभे राहिले आणि ती गवत तुडवत सरळ मधोमध गेली.

"अगं, वाट चुकलीस का?" शेजारणीने हाक मारली.

"नाही. मधून सुरू करू, कडेकडे जाऊ."

"आणि भारे काय उडत बाहेर येतील?"

सासू जवळ येऊन हळूच म्हणाली, "सूनबाई, नक्की ना?"

"नक्की नाही, आत्याबाई," ती म्हणाली, आणि विळा लावला.

दिवसभर तिने बोलणी खाल्ली. गवत तुडवलं गेलं, भारे लांबून वाहून माना दुखल्या. ससे विळ्यांच्या पुढे पुढे सरकत कडेला पोचले आणि बांधापलीकडे पसार झाले. तितराची एक मादी पिलांची रांग घेऊन चालत चालत निघून गेली. मधला तुकडा उरलाच नाही. बाप्यांच्या काठ्या हातात तशाच राहिल्या.

"एकही ससा नाही," कारभारी म्हणाले. "संपवलेस, पोरी."

त्या संध्याकाळी घरोघरी पिठलं शिजलं, आणि घासाघासाला तिचं नाव निघालं. वर्षभर तिला वाटत राहिलं, आपण शहाणपणा करायला गेलो आणि गावाच्या तोंडचा घास घालवला. कुरणाकडची वाटसुद्धा ती टाळायची.

पुढचा पावसाळा सरत आला तेव्हा एका पहाटे कुरणाच्या एका कडेने तितर ओरडला. ती दारातच थबकली. दुसऱ्या कडेने उत्तर आलं. मग तिसऱ्या.

कारभारीही काठी टेकत तिच्या दाराशी आले. कान देऊन त्यांनी ऐकलं, मग विचारलं,

"यंदा पहिला विळा कुणाकडे?"

"तुमच्याच घरी."

"मग ये दाखवायला," ते म्हणाले, "नेमका मध्य कुठे धरायचा ते."

तात्पर्य त्या गावाने पुढे आपल्या पोरांना असं सांगितलं: एका जागी जमलं म्हणजे वाढलं असं नसतं, निसटायला वाट ठेवावी, तरच पुढच्या वर्षी मोजायला काही उरतं.

मुलीला मात्र दुसरंच काही विचारायचं होतं. ती आईच्या पदराशी सरकली आणि म्हणाली, "आई, मागे ते झोपले नव्हते ना?"