दाराबाहेरचा बाक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही कान द्यावा, कारण चुका यात सगळ्या मोठ्यांच्याच आहेत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळींचं दगडी प्रार्थनामंदिर होतं आणि त्याच्या दाराबाहेर एक लाकडी बाक. ज्याच्या हातून पाप घडलं त्याने त्या बाकावर बसूनच उपासना ऐकायची, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या, भाकरीला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. बाकावर कुणी बसायचं हे केतुराबाई ठरवायची.

प्रभुभोजनाची भाकर तीस वर्षं तीच भाजत होती. पीठ तिचं, चूल तिची, पाणीही रविवारी सकाळी मंदिराजवळच्या विहिरीतून तिनेच शेंदलेलं. ती खोटं बोलत नसे. आजाऱ्याच्या घरी पेज पोचवी. हे सगळं खरं. पण त्या बळावर ती देवाच्या दारावर पहारेकरी होऊन बसली, आणि ती नेमणूक देवाने केलेली नव्हती.

नहेम्या नावाचा विहिरी खणणारा गडी सात वर्षं त्या बाकावर बसत होता. तरुणपणी त्याने एक बैल चोरला होता. त्यासाठी तो तुरुंगात गेला, सुटल्यावर त्याने बैलाच्या धन्याचे पाय धरले. धन्याने माफ केलं. केतुराबाईने केलं नाही. उपासना चालवणाऱ्या पाळकबुवांना हे पटत नव्हतं, पण ते बाईला भीत आणि आपल्या भीतीला मंडळीची एकी म्हणत.

एका शनिवारी नहेम्या तिला म्हणाला, "बाई, विहिरीचा पूर्वेकडचा काठ आतून खचलाय. उद्या पलीकडून पाणी शेंदा."

"विहीर माझ्या सासऱ्यांनी बांधलीय. चोरट्याने मला शहाणपण शिकवू नये."

"चोरला तो बैल, बाई. दगडाबद्दल मी खोटं सांगणार नाही."

रविवारी सकाळी ती हट्टाने पूर्वेच्याच काठावर उभी राहिली. दगड सुटले आणि बाई घागरीसकट पाण्यात गेली.

तिची किंकाळी ऐकून उपासनेला जमलेली सगळी मंडळी धावली. पाहतात तर बाई गळ्यापर्यंत पाण्यात, आतल्या एका कपारीला धरून लोंबकळतेय. मंडळीच्या पंचांनी गुडघे टेकले आणि स्तोत्र सुरू केलं. स्तोत्र चांगलंच होतं. पण दोर त्यांच्या पायाशी पडला होता आणि त्याला कुणी हात लावेना.

नहेम्या बाकावरून उठून आला. त्याने दोराचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं कंबरेला, आणि तो खाली उतरला.

"बाई, हात द्या."

नाकातोंडात पाणी जात होतं, तरी केतुराबाई म्हणाली, "दुसरं कोणी नाही का रे?"

"वर पुष्कळ आहेत, बाई. खाली मी एकटाच आहे."

तिची बोटं कपारीवरून निसटू लागली. तिने त्या हाताकडे पाहिलं. भेगा पडलेला, चिखलाने माखलेला. मग तिने तो दोन्ही हातांनी धरला.

नहेम्याने तिला दोराच्या आधाराने वर आणताच एक पंच म्हणाले, "बघा, आमची प्रार्थना देवाने ऐकली!"

"ऐकली ना," केतुराबाई कुडकुडत म्हणाली. "आणि पाठवलं कुणाला, तेही बघा. आता मला कुऱ्हाड आणून द्या."

ओल्या लुगड्यातच तिने तो बाक फोडला. लाकडं घरी नेऊन चुलीत घातली. नहेम्याने पलीकडच्या काठावरून पाणी शेंदून दिलं आणि त्या पाण्यात तिने पीठ मळलं. त्या रविवारी प्रभुभोजनाला उशीर झाला.

पंच कुरकुरले, "मग आता पाप्यांनी बसायचं कुठे?"

"आत. माझ्याशेजारी," केतुराबाई म्हणाली. "तुम्हालाही जागा आहे. सरकून घ्या."

पाळकबुवांनी भाकर मोडली. सात वर्षांनी पहिला तुकडा नहेम्याच्या हातावर पडला, दुसरा केतुराबाईच्या.

बोध: ज्याला आपण देवाच्या दाराबाहेर बसवतो, देव त्याच्याच हाताने आपल्याला वर काढतो.