तिलवट गावाला न लागलेली आग

फार पूर्वी पुष्कलनगरावर अरिमर्दन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरात एका धनुर्धराच्या घरी जन्माला आले होते. त्यांचे नाव सुबाहू. वयात आल्यावर ते सैन्यात गेले आणि पुढे घोडदळाचे सेनानी झाले. सैनिक त्यांच्यावर जीव टाकीत, कारण जेवताना ते सर्वांच्या शेवटी बसत आणि लढाईत सर्वांच्या पुढे असत. चंदक नावाचा त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याच पथकात होता. आईवडील लवकर गेल्यामुळे बोधिसत्त्वांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याला पहिल्यांदा घोड्यावर बसवले तेही त्यांनीच.

एके वर्षी सीमेवरच्या कुरणांवरून डोंगरपल्याडच्या राजाशी युद्ध पेटले. अरिमर्दनाचे सैन्य शिलावती नदीच्या काठी येऊन थांबले. तिथे तिलवट नावाचे गाव होते. कुंभार, तेली, कोळी आणि थोडे शेतकरी अशी त्याची वस्ती. हे गाव कधी या राजाला कर देई, कधी त्या राजाला. ज्याचे घोडे दारात उभे राहतील, त्याला मुकाट्याने धान्य काढून देणे एवढेच राजकारण त्या लोकांना ठाऊक होते.

एका सकाळी चंदक काही स्वारांबरोबर घोड्यांना पाणी पाजायला नदीवर गेला. शत्रूचे धनुर्धर एका आडवळणाच्या उथळ जागेतून नदी उतरून आले होते आणि लव्हाळ्यात दबा धरून बसले होते. घोड्यांनी पाण्याला तोंड लावले आणि बाण सुटले. स्वारांपैकी एकही परत आला नाही; रिकामे घोडे तेवढे छावणीत परतले.

बातमी कळताच बोधिसत्त्व धावत गेले. त्यांनी भावाचे प्रेत स्वतः पाण्यातून उचलले, काठावर ठेवले आणि त्याच्या केसांतला चिखल ओंजळीने धुऊन काढला. मागे सैनिक जमले होते. ती उथळ जागा गावकऱ्यांखेरीज कोणालाच माहीत नव्हती, हे साऱ्यांना कळत होते.

"सेनानी, हुकूम द्या," धनुक नावाचा एक जुना स्वार म्हणाला. "संध्याकाळच्या आत त्या गावाची राख करतो."

बोधिसत्त्वांनी गावाकडे पाहिले. चुलींचा धूर वर चढत होता. त्या क्षणी त्यांनाही तेच हवे होते. आपला हात तलवारीच्या मुठीवर गेला आहे आणि बोटे मुठीभोवती घट्ट झाली आहेत, हे त्यांना दिसले. भावाचा मृत्यू त्या हाताला वाट दाखवीत होता. त्यांनी एकेक बोट सोडवले.

"आधी चितेसाठी लाकडे गोळा करा," ते म्हणाले. "गावात मी जाऊन येतो. तोवर कोणी वेस ओलांडायची नाही."

चिता शांत झाल्यावर ते पायीच गावात गेले. बरीच पुरुषमंडळी भीतीने शेतांत पळाली होती. पहिल्याच घराच्या उंबरठ्यावर पदुमा नावाची म्हातारी कुंभारीण बसली होती.

"आजी," बोधिसत्त्व म्हणाले, "नदी उतरायची जागा शत्रूला कोणी दाखवली?"

"मला ठाऊक नाही, बाबा. आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. सांगितलं तर तू त्याला मारशील, नाही सांगितलं तर आम्हांला. मग निदान आपल्या तोंडानं कोणाचा जीव का घ्यावा?"

इतक्यात पलीकडच्या कुडाआडून एक माणूस बाहेर आला. तो गोमिक नावाचा नावाडी होता.

"म्हातारीला विचारू नका. मी दाखवली."

"का?"

"तुमचं सैन्य आलं त्या दिवशी शिपायांनी माझी नाव फोडून चुलीत घातली. मी पाया पडलो, ते हसले. त्या नावेवर माझं घर चालत होतं. मग पलीकडचे लोक आले आणि त्यांनी वाट विचारली. मी दाखवली."

"गावाला हे माहीत होतं?"

"नाही. माझी बायकोसुद्धा तुमच्याबरोबरच ऐकते आहे."

बोधिसत्त्वांच्या भावाला मृत्यूच्या तोंडी देणारा माणूस हातभर अंतरावर उभा होता. त्यांनी आपल्या शेल्याने गोमिकाचे हात बांधले. "तुझा न्याय राजसभेत होईल," ते म्हणाले. "तू काय केलंस ते मी तिथे सांगेन. तुझ्या नावेचं काय झालं, तेही सांगेन."

ते गोमिकाला घेऊन वेशीशी पोचले, तोच राजा अरिमर्दन स्वतः तिथे येऊन दाखल झाला. बरोबर अमात्य पिंगल होता. राजाने घोड्यावरूनच हुकूम दिला, "सुबाहू, गाव पेटवा. पुरुष सापडतील तिथे मारा. उरलेल्यांना नदीपलीकडे हाकला."

बोधिसत्त्वांनी नमस्कार केला. "महाराज, ज्याने वाट दाखवली तो हा माणूस. त्याने कबूल केलं आहे. बाकीच्यांचा यात हात नाही."

"हात असो वा नसो," अमात्य म्हणाला, "एका गावाची राख पाहिली की शंभर गावं सरळ होतात."

"सरळ होत नाहीत, अमात्य. गप्प होतात. आणि गप्प बसलेलं गाव उद्या कोणाला वाट दाखवणार आहे, हे आपल्याला कधी कळणारही नाही."

राजाला आश्चर्य वाटले. "अरे, तुझा सख्खा भाऊ गेला! तुझं रक्त तापत नाही?"

"तापतं, महाराज. म्हणूनच आज मी त्याचं ऐकत नाही. चंदक शिपाई होता. हातात शस्त्र घेऊन तो घराबाहेर पडला होता. त्याला मारणारेही शस्त्रधारी होते, आणि त्यांच्यासमोर मला उभं करा, मी मागे हटणार नाही. पण चुलीपुढं बसलेल्या बाईशी माझं युद्ध नाही."

"हा राजाचा हुकूम आहे."

"माझे प्राण आपले आहेत, महाराज, ते केव्हाही घ्या. हे काम मात्र माझ्या हातून होणार नाही."

असे म्हणून बोधिसत्त्वांनी कमरेची तलवार सोडली आणि ती राजाच्या घोड्यापुढे जमिनीवर ठेवली. मग ते आपल्या स्वारांकडे वळले.

"राजावर कोणी शस्त्र उगारायचं नाही. मी तुम्हांला बंडाला उठवत नाही. इतकंच सांगतो की ज्याच्या घराला आग लावाल, त्याचं तोंड आधी नीट बघून घ्या."

ते वेशीतून आत गेले आणि पदुमाच्या उंबरठ्याशी बसले.

अमात्याने मशाल पेटवली आणि पहिल्या स्वारापुढे धरली. त्याने मान खाली घातली. दुसऱ्याने घोड्याचा लगाम दोन्ही हातांनी आवळून धरला. अमात्य धनुकाकडे गेला. सकाळी राख करायला निघालेला तो म्हातारा स्वार कितीतरी वेळ मशालीकडे पाहत राहिला.

"महाराज," तो अखेर म्हणाला, "उद्याच्या लढाईत मला सगळ्यांत पुढं घाला. पण हे नको."

राजाचा चेहरा लाल झाला. तो घोड्यावरून उतरला, अमात्याच्या हातून मशाल हिसकावून घेऊन तडक पहिल्या घराकडे चालत गेला. पदुमा उठून उभी राहिली, पण दारातून हलली नाही. राजाशी कसे बोलतात हे तिला कोणी शिकवले नव्हते.

"राजा," ती म्हणाली, "आत माझी सून बाळंतीण आहे. तिला उठवायला थोडा वेळ दे. तिला अजून नीट उभं राहवत नाही."

राजा थांबला.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, मी आपला हात धरणार नाही. मी या बायकांबरोबर आत जाऊन बसतो. लावायची तर लावा." आणि वाकून, त्या ठेंगण्या दारातून ते आत गेले. म्हातारीही त्यांच्यामागून आत गेली.

अंगणात राजा एकटा उरला. छपराचे गवत हात वर केला तर लागेल इतके जवळ होते. आत तान्हे मूल रडले, मग पदराखाली घेतल्यासारखे शांत झाले. असे हुकूम राजाने यापूर्वी पुष्कळदा दिले होते, पण ते नेहमी घोड्यावर बसून आणि लांबून. ज्या घराला आग लावायची, त्याच्या इतक्या जवळ तो कधीच उभा राहिला नव्हता. मशालीचे तापलेले तेल ओघळून त्याच्या मनगटावर आले आणि चटका बसला. तरी तो तसाच उभा होता. सारे सैन्य त्याच्याकडे पाहत होते.

शेवटी त्याने मशाल धुळीत टाकली आणि पायाने दाबून विझवली.

बोधिसत्त्व बाहेर आले तेव्हा राजाने त्यांच्याकडे पाहिले नाही. "तू माझा हुकूम मोडलास," तो म्हणाला. "आजपासून तू सेनानी नाहीस. पायदळात जा."

"मान्य आहे, महाराज."

दुसऱ्या दिवशीच्या लढाईत बोधिसत्त्व साध्या शिपायाच्या वेषात होते. जखमींना खांद्यावर घालून ते बाहेर काढीत होते. त्यांत आपले किती आणि शत्रूचे किती, हे त्यांनी पाहिले नाही.

पुढे राजसभेत गोमिकाचा न्याय झाला. बोधिसत्त्वांनी साक्ष दिली. चंदकाचा मृत्यू कसा झाला हे त्यांनी सांगितले, आणि नावेची गोष्टही एक शब्द न गाळता सांगितली. गोमिकाला राज्याबाहेर घालवून देण्यात आले. ज्या शिपायांनी त्याची नाव जाळली होती, त्यांना त्याच्या बायकोसाठी नवी नाव बांधून द्यावी लागली. त्या निकालाने बोधिसत्त्वांना आनंद झाला नाही. भाऊ काही परत येणार नव्हता. पण सभेतून बाहेर पडताना आपल्या मनात कोणाविषयीही आग उरलेली नाही, हे त्यांना जाणवले.

तिलवट जळले नाही ही बातमी नदीपलीकडच्या गावांतही पोचली. तिथले लोक अरिमर्दनाचे सैन्य दिसताच रानात पळेनासे झाले आणि त्यांचे गावप्रमुख बोलायला पुढे येऊ लागले. वर्ष संपण्याआधी दोन्ही राजांनी कुरणे वाटून घेतली व तह केला. मग राजाने बोधिसत्त्वांना बोलावून घेतले आणि त्यांची तलवार स्वतःच्या हाताने पुढे केली.

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला मारायचं नाही आणि नि:शस्त्र माणसाचं घर जाळायचं नाही, हा नियम सर्व सैन्याला आपल्या तोंडून ऐकवा. मग मी ही तलवार घेतो."

राजाने तो नियम सैन्यासमोर उभे राहून सांगितला. अरिमर्दन जिवंत होता तोवर तो कोणी मोडला नाही.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, त्या जन्मीच्या माणसांचा या जन्मीच्या माणसांशी मेळ भिक्षूंना घालून दाखवला. "भिक्षूंनो, त्या वेळचा अमात्य म्हणजे देवदत्त. मशाल विझवणारा राजा अरिमर्दन म्हणजे आनंद. दारातून न हललेली पदुमा म्हणजे महाप्रजापती गौतमी. ज्यांनी मशाल हातात घेतली नाही ते स्वार म्हणजे तुम्ही सर्व. आणि सुबाहू सेनानी तो मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि तो नावाडी?"

शास्ते म्हणाले, "तोही या सभेत बसला आहे. त्याचा न्याय त्याच जन्मी झाला, म्हणून मी त्याचे नाव घेणार नाही."

सभेत कोणीही इकडेतिकडे पाहिले नाही. मग शास्त्यांनी या कथेतला गुण सांगितला. स्वतःचे दु:ख उलट दिशेला ओढत असतानाही करुणेचा निश्चय ढळू न देणे, यालाच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात.