गेनबाने घेतलेली संमती

एका तालुक्याच्या गावात एक भोळा वॉर्डबॉय होता. नाव गेनबा. ऑपरेशन थिएटरात पेशंट आणायचा आणि परत न्यायचा, हे त्याचं काम. माणूस कष्टाळू. सांगितलेलं तंतोतंत करायचा. तेवढाच काय तो त्याचा दोष.

गेनबाचं लग्न ठरलं होतं. मुलगी यमुना, शेजारच्या गावच्या कोंडाजी शेळक्यांची. कोंडाजीमामांनी बजावलं होतं, "वैशाखापर्यंत नोकरी टिकली तर मुलगी तुमची. नाही टिकली तर आमची." म्हणून गेनबा थिएटरच्या लोंढे सिस्टरांचा शब्द खाली पडू देत नसे.

एके सकाळी डॉक्टर म्हणाले, "गेनबा, हर्नियाचा पेशंट आत घे."

बाहेर बाकावर एक माणूस गाढ झोपला होता. गेनबाने त्याला अलगद उचलून स्ट्रेचरवर ठेवलं आणि आत नेलं. पोटावर वस्तरा फिरायला लागला तेव्हा माणूस जागा झाला. तो पेशंटचा मेहुणा होता. डबा घेऊन आला होता.

लोंढे सिस्टरांनी गेनबाला कोपऱ्यात घेतलं. "अरे, विचारल्याशिवाय माणसाला हात लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. आधी संमती घ्यायची. तो हो म्हणाला तरच हात लावायचा."

"बरं सिस्टर. आता तसंच करीन."

दुपारी ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याला बाहेर आणलं. भूल उतरली नव्हती. म्हातारा स्ट्रेचरवरून हळूहळू घसरायला लागला. गेनबा वाकून म्हणाला, "बाबा, धरू का तुम्हाला?"

बाबा बोलेनात. गेनबाने पुन्हा विचारलं. बाबा अजून थोडे घसरले. खाली धुण्याच्या चादरींचा ढीग होता म्हणून बरं. बाबा त्यात जाऊन पडले आणि घोरतच राहिले.

सिस्टर म्हणाल्या, "शुद्धीवर नसलेला माणूस उत्तर देईल का रे? अशा वेळी त्याच्या घरच्यांना विचारायचं."

"बरं सिस्टर. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी हायस्कूलचे मोरेमास्तर मूळव्याधीने तळमळत आले. सिस्टर म्हणाल्या, "जा, डॉक्टरांना उठव."

डॉक्टर जेवून खुर्चीत झोपले होते. गेनबाने बघितलं. शुद्ध नाही. मग तो सायकल काढून गावाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या घरी गेला. डॉक्टरीणबाई पापड लाटत होत्या.

"वहिनी, डॉक्टरांना हलवू का?"

"का रे, काय झालं?"

"मोरेमास्तरांना मूळव्याध झालीय. बसता येत नाही त्यांना."

पापड लाटायला आलेल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. गेनबा परत येईपर्यंत डॉक्टर आपोआप उठले होते आणि मास्तरांच्या मूळव्याधीची बातमी हायस्कूलच्या फाटकाशी पोचली होती.

"पेशंटची गोष्ट गोपनीय असते," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "ती कोणाला म्हणजे कोणाला सांगायची नाही."

"बरं सिस्टर. आता तसंच करीन."

शनिवारी डॉक्टर हातमोजे घालून उभे. पेशंटचा पत्ता नाही. "गेनबा, पेशंट कुठाय?"

गेनबा छताकडे बघायला लागला.

"अरे, तुला माहीत आहे ना?"

"आहे. पण सांगता येणार नाही."

पेशंट संडासात अडकला होता. बाहेरून कडी लागली होती. आतून तो दार बडवत होता. डॉक्टरांनी बोलावेपर्यंत गेनबा दारापाशीच पाठ करून उभा होता, कोणाला कळू नये म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "याला काढून टाका." सिस्टरांना यमुनेचं माहीत होतं. त्यांनी डॉक्टरांची समजूत घातली आणि गेनबाला शेवटचं सांगितलं.

"नीट ऐक. ज्याचं ऑपरेशन, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. धोके सांगायचे, दुसरे उपाय सांगायचे. ऐन टेबलावरसुद्धा त्याला नाही म्हणायचा हक्क असतो, तेही सांगायचं. मगच त्याची संमती खरी."

"बरं सिस्टर. आता तसंच करीन."

वैशाख आला. नोकरी टिकली होती. मांडवात अंतरपाट धरला गेला. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तसा गेनबाने हात वर केला.

"भटजी, थांबा. संमती राहिलीय."

पेशंटशी बोलतात तशा हळू आवाजात तो अंतरपाटाकडे तोंड करून म्हणाला, "बाई, घाबरू नका. मी घोरतो. आमची आई तापट आहे. पाणी टेकडीखालच्या विहिरीवरून आणावं लागतं. लग्न एकदा झालं की मोडणं फार अवघड. दुसरा उपाय आहे. तुमच्या आत्याचा मुलगा पोस्टात आहे. त्याने तुम्हाला मागणी घातली होती. आणि ऐन वेळी नाही म्हटलंत तरी कोणी रागवायचं नाही."

अंतरपाटाआडून यमुना म्हणाली, "पोस्टातल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं."

"मग माझी संमती नाही."

कोंडाजीमामा फेटा सावरत धावले. "गेनबा, अरे तिचं काय ऐकतोस? मी बाप आहे. मी हो म्हणतो."

गेनबाने त्यांना नम्रपणे बाजूला केलं. "मामा, घरच्यांना विचारायचं ते पेशंट शुद्धीवर नसताना."

आत्याचा मुलगा मागे बुंदी वाढत होता. गेनबाने जाऊन त्याचीही संमती घेतली, त्याला पाटावर उभं केलं आणि अंतरपाटाचं एक टोक स्वतः धरलं.

सोमवारी तो वेळेवर कामावर आला. हळद अजून अंगाला होती.

"सिस्टर," तो म्हणाला, "या खेपेला काही चुकलं नाही."